बाबा म्हणतात

फोन थरथरला तसा आम्रपालीने तो उचलला, पण नेहमीसारखा सारिकाच्या हातात दिला नाही. भाकरीचं पीठ मळता मळता सारिकाने पुढे केलेला हात तसाच राहिला. बोटांना चिकटलेलं पीठ अंगठ्याने चोळत तिने तो हळूच मागे घेतला.

पडद्यावर ‘बाबा’ असं नाव होतं आणि त्याखाली दोनाऐवजी तीन बटणं. हिरवं, लाल, आणि मधे एक नवं. आम्रपालीने मधलं दाबलं आणि फोन ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

“काय करतेस?” सारिकाचे ओठ हलले.

“बघ ना तू.”

आधी फोनचे स्वतःचे शब्द उमटले. ‘नमस्कार. समोरची व्यक्ती आपले बोलणे वाचून उत्तर देईल. कृपया बोला.’ मग एक ठिपका लुकलुकत राहिला आणि त्या जागी अक्षरं आली.

‘कोण बाई हाय’

आम्रपालीने तोंड उघडेपर्यंत खाली दुसरी ओळ आली, ‘आमाला काय नको’, आणि फोन कापला गेला.

सारिका मनगट तोंडाशी धरून हसत होती. हसू आवरल्यावर ती उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. आम्रपालीशी काही बोलायचं असलं की ती अशीच उभी राहायची.

“मधे ती मशीनमधली बाई बोलते ना, ती अगदी कंपनीवाल्या बायांसारखी बोलते. बाबांना वाटलं, काहीतरी विकायला बसली.”

तिने हात धुतले, स्वतःच्या फोनवरून सासऱ्यांना फोन लावला आणि समजावून सांगितलं. आम्रपाली तिच्या ओठांकडे पाहत होती. ती आमूच होती बाबा, आधी मशीन बोलतं, त्या बाईचं बोलून होऊ दे, मग आमू बोलेल, कापू नका. एवढं सांगून झाल्यावरही सारिकाने फोन लगेच ठेवला नाही. क्षणभर नुसताच कानाशी धरला. मग ती वळून म्हणाली, “करतायत परत.”

आठ वर्षांपूर्वी बिघडलेल्या क्षयासाठी आम्रपालीला मुंबईच्या इस्पितळात ठेवलं होतं. इंजेक्शनांनी जीव राखला आणि कान नेले. तिथून ती गावी गेली नाही, महाडला दादाकडे आली, कारण औषधपाण्याला महाड सोयीचं. दादा म्हणजे प्रवीण, औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारा, अर्धा वेळ झोपेत आणि अर्धा वेळ कंपनीच्या बसमध्ये. घरात उरायच्या दोघी. सारिका लग्न होऊन आली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शिकवायला कोणी नसताना आम्रपाली तिचे ओठ वाचायला शिकली, आणि सारिका सावकाश, समोर बघून बोलायला. बाकीच्यांना कागदावर लिहून दाखवावं लागे. सुरुवातीचे दिवस सोडले तर सारिकाला कधी लागलं नाही.

बाबा, श्रीपत, वर गावातच राहिले. आंबेनळी घाटाच्या रस्त्याखाली उतारावर त्यांची वाडी. वाडीत रेंज नाही, म्हणून दर रविवारी दिवस कलता कलता ते चढून रस्त्याच्या वळणावर येत आणि तिथून फोन करत. सारिका फोन कानाला लावायची, ऐकायची, मान हलवायची, आणि फोन ठेवला की आम्रपालीकडे तोंड करून म्हणायची, “बाबा म्हणतात...”

बाबा म्हणतात, जेवून घे, रिकाम्या पोटी औषध अंगाला लागत नाय. बाबा म्हणतात, गाडीत बसलीस की हात खिडकीच्या आत ठेव. उतरताना तोंड पुढच्या बाजूला ठेव, म्हणजे तोल जात नाय. जन्मभर पायी हिंडलेल्या माणसाला गाडीची एवढी काळजी का, याचं आम्रपालीला कधी कधी हसू यायचं. खेडकडच्या स्थळाने बघून गेल्यावर मुलीला ऐकू येत नाही म्हणून नकार कळवला, त्या रविवारी सारिकाने सांगितलं होतं, “बाबा म्हणतात, एक गाडी सुटली म्हणून काय झालं? स्टँडवर बसून राहायचं. दुसरी येते.” ते एक वाक्य तिला पुढे बरेच महिने पुरलं. कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात ती कामाला लागली तीसुद्धा त्या वाक्याच्या जोरावर. तिथे ऐकावं काही लागत नव्हतं. वकिलांनी लिहून दिलेलं स्वच्छ टाइप करायचं एवढंच.

गावी गेलं की मात्र बाबा बोलत नसत. पाटावर बसून तिच्याकडे बघत, ताटात आणखी भात वाढत, आणि उठून शेळ्यांकडे जात. घरातलं बोलायचं खातं आईकडे होतं. येसूबाई गेली आणि ते खातं बंदच झालं, असं प्रवीण म्हणायचा. आम्रपालीला वाटायचं, तसं नाही. समोर आपलं बहिरेपण आडवं येतं, म्हणून ते गप्प होतात. फोनवर वहिनीच्या कानाशी ते मोकळे होतात. थोडा हेवाही वाटायचा तिला. बाबांचा शब्द आधी वहिनीला मिळतो आणि मग तिच्या हातून आपल्याला.

म्हणून दुकानात येणाऱ्या श्रुतिकाने, एका वकिलांकडे नव्यानेच लागलेल्या मुलीने, फोनमधली ही सोय दाखवली, तेव्हा आम्रपालीने तिला ती तीनदा दाखवायला लावली. पलीकडचं बोलणं अक्षरांत येतं. आपण लिहिलं तर फोन बोलून दाखवतो, आणि आपल्याच आवाजात बोलायचं असलं तर तसंही बोलता येतं. अक्षरं मोठी करून घ्यायचीही सोय होती. तिने ती होतील तेवढी मोठी करून घेतली.

फोन पुन्हा थरथरला. मशीनमधल्या बाईचं बोलून होईपर्यंत या वेळी बाबा थांबले.

“बाबा, मी बोलतेय. तुम्ही बोला. मला इथे लिहून येतं.”

‘आम्ही हाय का’

ती हसली. ‘आमे’ म्हणून हाक मारली असणार. फोनला ते नाव ठाऊक नव्हतं.

“हाय, हाय. मीच हाय.”

‘जेवली’

“नाय अजून. भाकऱ्या चालल्यात वहिनीच्या. तुम्ही?”

‘हं’

ठिपका लुकलुकत राहिला. आम्रपाली वाट पाहत राहिली.

‘भात कापाया आलाय. परवीनला सांग’

“सांगते. आणि?”

त्यानंतर पडदा कोराच राहिला. वरच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते, म्हणजे फोन चालू होता. तिने दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला ‘हाय’ एवढंच आलं. तिने सारिकाकडे पाहिलं. सारिका पाठमोरी उभी होती, आणि केव्हाच गोल झालेली भाकरी अजून थापत होती. शेवटी ‘बरं’ उमटलं आणि फोन बंद झाला.

“रेंज गेली असेल,” सारिका वळून म्हणाली, आणि लगेच तव्याकडे फिरली.

पुढच्या रविवारी तसंच झालं. पाऊस उघडलाय, पांढरी शेळी व्यायली, बरं. मधल्या सगळ्या वेळात कोरा पडदा.

सोमवारी आम्रपालीने श्रुतिकाला कोर्टाच्या आवारात पाठवून तिथून फोन करायला लावला. पडदा बघता बघता भरून गेला. ‘ताई दिसतंय का, मी आता पायरीवर उभी आहे, साहेब अजून आले नाहीत, आज तारीख पडणार बहुतेक’, आणि मधेच कोणा परक्या माणसाचं ‘अहो बाजूला व्हा जरा’ हेसुद्धा. श्रुतिका धावत परत आली आणि मोठ्या अपेक्षेने तिच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्रपालीने तिला अंगठा वर करून दाखवला.

संध्याकाळी घरी जाताना ती चवदार तळ्याच्या काठाने गेली आणि जरा वेळ कठड्याशी थांबली. फोन चांगला होता. म्हणजे बाबांनाच तिच्याशी बोलायचं नव्हतं. वहिनीशी ते एवढं बोलत होते, आणि लेक थेट समोर आली की हं आणि बरं. घरी गेल्यावर चप्पल काढता काढताच ती म्हणाली, “येत्या रविवारपासून फोन तूच घे.”

सारिकाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“का गो? जमतंय की आता तुला.”

“तूच घे.”

त्या रविवारी प्रवीण दुसऱ्या पाळीला गेला होता. आम्रपाली वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली, ती मुद्दामच तिथे रेंगाळली. कपड्यांचा ढीग पोटाशी धरून जिना उतरून ती दारात आली, तेव्हा सारिका कॉटवर दाराकडे पाठ करून बसली होती. फोन तिच्या मांडीवर उताणा ठेवलेला होता. मधलं बटण चुकून दाबलं गेलं असावं, कारण अक्षरं दिसत होती, दारातूनही वाचता येतील एवढी मोठी.

सारिका बोलत होती. तिचे खांदे हलत होते, एक हात हवेत काहीतरी गोलाकार दाखवत होता. फोनमधल्या माणसाला ते दिसणार नव्हतं तरी ती दाखवत होती. बराच वेळ ती एकटीच बोलत राहिली. पडद्यावर एक शब्द आला. ‘हं’. ती पुन्हा बोलू लागली, मधे हसली, मग थांबली. थांबली तरी पडद्यावर काही आलं नाही. मग पुन्हा ‘हं’. आणि शेवटी ‘बरं’.

सारिकाने लाल बटण दाबलं, ती उठून वळली, आणि दारात आम्रपाली दिसताच तिचा चेहरा दर रविवारी होई तसा झाला.

“बाबा म्हणतात...”

पुढे तिचे ओठ हलेनात. आम्रपालीची नजर तिच्या हातातल्या फोनवर होती. सारिकानेही खाली पाहिलं. पडद्यावर तीन शब्द अजून तसेच होते.

आम्रपालीने कपडे कॉटवर टाकले. दोघी त्या ढिगाच्या दोन बाजूंना बसल्या. सारिकाने वरचा टॉवेल उचलून घडी घालायला घेतला.

“बोलत नाहीत गो ते,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. कामाचं तेवढं बोलतात. भात, शेळ्या, ह्यांची ड्यूटी. तू इस्पितळातून आलीस ना, त्या पहिल्या रविवारी मी तुला खरं तेच सांगितलं होतं. लिहून दाखवलं होतं, की काही बोलले नाहीत म्हणून. तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस. दोन दिवस उठली नाहीस. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाशी मी बोलू कशी? तुला ऐकू येईना, आणि आता मी दिसेनाही.” तिने टॉवेल मांडीवर सपाट केला. “म्हणून मग पुढच्या रविवारी लिहिलं, बाबा म्हणतात, जेवून घे. तू उठलीस. जेवलीस.”

“मग सगळं खोटंच.”

आपला आवाज चढला असावा, हे आम्रपालीला सारिकाच्या पापण्यांवरून कळलं. एरवी अशा वेळी सारिका तळहात खाली दाबून खूण करायची. आज तिने केली नाही.

“सगळं नाही. ते फोन ठेवत नाहीत. मी गप्प बसले तरी ठेवत नाहीत. मला तिथलं सगळं ऐकू येतं. घाट चढणारी गाडी गियर बदलते ते, वारा, कधी एखाद्या शेळीची घंटा. पावसात तर छत्रीवर नुसता ताशा वाजत असतो, तरी उभे असतात. तुझं नाव घेतलं की घसा साफ करतात, आता काहीतरी बोलणार असे. मग नाही बोलत. मी तुला काय सांगू? बाबांनी आज घसा साफ केला?”

आम्रपालीने ढिगातून एक उशीचा अभ्रा ओढला.

“आणि ते गाडीचं?” थोड्या वेळाने तिने विचारलं. “दुसरी गाडी येते ते?”

सारिकाचे हात थांबले.

“ते आप्पांचं.”

आप्पा म्हणजे सारिकाचे वडील, गोमाजी. एसटीत कंडक्टर होते. पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. आम्रपालीने त्यांना पाहिलं होतं ते दादाच्या लग्नात, मांडवात प्रत्येकाला नाव विचारत हिंडताना, तेवढंच. ती इस्पितळात होती त्याच हिवाळ्यात ते गेले. प्रवीण तेव्हा तिच्यापाशी मुंबईला होता. तो मातीला जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी परत खाटेशी हजर झाला. ती सावध झाल्यावर कधीतरी कोणीतरी तिला कागदावर लिहून दाखवलं होतं, सारिकाचे वडील वारले. तिने वाचलं होतं. त्यानंतर या घरात तो विषय निघाल्याचं तिला आठवेना.

“लय बोलायचे ते,” सारिका म्हणाली. आता ती आम्रपालीकडे बघत नव्हती, पण तोंड तिच्याकडेच ठेवलेलं होतं. “गाडीतल्या सगळ्यांशी बोलायचे. चढणाऱ्याला सांगायचे, उतरणाऱ्याला सांगायचे. घरी आले तरी आमच्याशी तसेच. ते गेले, आणि मी इथे. घरात तुझंच चालू होतं सगळं. चालू असायलाच पाहिजे होतं, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांचं एवढं बोलणं माझ्याकडे पडून होतं. कुठेतरी द्यायला पाहिजे होतं.”

हात खिडकीच्या आत ठेव. उतरताना तोंड पुढे. आम्रपालीच्या मनात ती वाक्यं एकामागून एक येत राहिली, आणि प्रत्येक वाक्याखालून बाबांचा चेहरा निघून गेला. त्या जागी कोणाचा चेहरा बसवायचा ते तिला समजेना. मांडवातला तो माणूस तिला नीट आठवतही नव्हता.

सारिकाने घातलेली टॉवेलची घडी वाकडी झाली होती. आम्रपालीने ती तिच्या हातातून घेतली, मोडली आणि पुन्हा घातली.

तो आठवडा दोघी कामापुरतंच बोलल्या. भांडण नव्हतं. प्रवीणला तर काही जाणवलंही नाही. बुधवारी दुकानात टाइप करता करता आम्रपाली एका ओळीवर अडकून बसली, तेव्हा मालकाने येऊन तिच्या टेबलावर टिचकी मारली. ती भानावर आली. कोरा पडदा आणि वळणावर उभा असलेला माणूस, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं.

रविवारी फोन थरथरला. सारिका ओट्याशी होती. तिने हात पुढे केला नाही. आम्रपालीने मधलं बटण दाबलं आणि फोन घेऊन ती खिडकीत बसली.

‘हाय का’

“हाय बाबा.”

तिने या वेळी काही विचारलं नाही. ती सांगू लागली. सावित्रीचं पाणी उतरलंय, काठावर बगळे बसायला लागलेत. दुकानात एक म्हातारी येते, तिला आपला अर्ज वाचून दाखवलेला लागतो, म्हणून आता मीच तिला वाचून दाखवते. वाचताना माझा आवाज फार चढला तर ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवते. दादाला रात्रपाळी लागलीय. वहिनीने अंबाडीची भाजी केलीय, आंबट झालीय.

पडद्यावर काही येत नव्हतं. ठिपका लुकलुकत होता. तिने त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं आणि तिथे वारा ऐकला. चढणीला लागलेली गाडी ऐकली, तिचा गियर पडला तो ऐकला. मग कोणीतरी घसा साफ केला.

बोलून बोलून तिचा गळा दुखायला लागला. इतकं सलग ती कित्येक वर्षांत कोणाशी बोलली नव्हती. ऐकू येईनासं झाल्यापासून आपलं बोलणं लोकांना ओझं होतं असं समजून ती कामापुरतंच बोलायची. ती थांबली.

‘थांबलीस का’

ती अक्षरांकडे बघत राहिली. त्याखाली आणखी आली.

‘तू बोल. मी ऐकतो’

आम्रपालीने पदराने तोंड पुसलं, पाणी मागायला म्हणून हात मागे केला, तर पेला आधीच कोणीतरी तिच्या शेजारी ठेवलेला होता. ती दोन घोट प्याली आणि पुढे बोलू लागली. बाहेर दिवस मावळेपर्यंत ती बोलत होती. वर घाटात अंधार लवकर पडतो हे आठवलं तेव्हा तिनेच म्हटलं, “आता जा बाबा घरी. वाट बघून उतरा.”

‘बरं’

फोन बंद झाल्यावर ती आत आली. सारिका खाली बसून उद्यासाठी वाल सोलत होती. काय म्हणाले, असं तिने विचारलं नाही. आम्रपाली तिच्यासमोर बसली, परातीतले मूठभर वाल आपल्याकडे ओढले आणि सोलू लागली. परात अर्धी होईपर्यंत दोघी खाली मान घालून बसल्या होत्या.

“वहिनी,” आम्रपाली म्हणाली, “आप्पा आणखी काय काय म्हणायचे?”

सारिकाच्या बोटांतला दाणा परातीबाहेर उडाला. तो शोधायला म्हणून ती तोंड फिरवून मागे वळली, आणि तशीच राहिली. तिचा गळा हलत होता, गालाची कड हलत होती. ती काहीतरी सांगायला लागली होती, पण भिंतीला.

आम्रपालीने ओले हात साडीला पुसले. पुढे सरकून तिने सारिकाची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा हलक्या हाताने दिव्याकडे वळवला.

“हां,” ती म्हणाली. “आता सांग.”